तोबीतची वही

१२ जाने. २०२५, रविवार
चर्चमधल्या तरुणांच्या वर्गाला आज शिकवायला नव्या करारातलं यहूदाचं पत्र. एकच अध्याय, वीस मिनिटांत उरकेल म्हटलं. तर रिया (कॉलेजात इतिहास घेतलाय) मध्येच, "सर, यहूदा इथं नोहाच्याही आधीच्या हनोखाचं बोलणं सांगतोय. पण हनोखाचं पुस्तक आपल्या बायबलमध्ये नाहीये. मग सोर्स काय?"
जन्मभर हे पत्र वाचतोय. हा प्रश्न पडला नाही. "बघून सांगतो," म्हणालो.

१६ जाने., गुरु.
पाळक जिथं शिकतात त्या सेमिनरीचं ग्रंथालय. ग्रंथपाल बाईंनी फोटोंचं जाडजूड पुस्तक काढून दिलं. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेले हनोखाच्या पुस्तकाचे तुकडे. काही तर नखाएवढे. दोन हजार वर्षांपूर्वीची शाई, अजून काळी. युरोपात हे पुस्तक शेकडो वर्षं हरवलेलं. इथिओपियातल्या ख्रिस्ती लोकांनी मात्र हातानं उतरवून उतरवून जपलं. त्यांच्या बायबलमध्ये आजही आहे.
म्हणजे आपण ज्याला अख्खं समजत होतो ते...
खडकीच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. पास की रिजेक्ट ठरवायला आमच्याकडे मापाचं गेज असायचं. बाईंना विचारलं, बायबलात कुठलं पुस्तक घ्यायचं हे ठरवणाऱ्यांकडे काय होतं?
"वाद," त्या म्हणाल्या. "आपलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, तेसुद्धा कितीतरी जणांना नको होतं. तीनशे वर्षं तर पक्की यादीच नव्हती."
बसस्टॉपवर दोन बस सोडल्या. उठावंसंच वाटेना.

१८ जाने., शनि.
पुन्हा तिथंच. कॅथलिकांच्या जुन्या करारात आपल्यापेक्षा सात पुस्तकं जास्त, एवढं ऐकून होतो. आज पहिल्यांदा नीट पाहिली. आपल्या प्रॉटेस्टंट बाजूच्यांनी आधी ती वेगळी काढली, पुढे छापणंच बंद केलं. त्यातल्या तोबीतचेही तुकडे त्याच गुहांत निघालेत!
घरी येऊन बायकोला, विमलला, सांगायला लागलो. ती मेथी निवडत होती.
"त्यात तोबीत म्हणून एक आहे—"
"पाठ आहे मला."
वि. माहेरची कॅथलिक, संगमनेरकडची. लग्न करून आमच्या चर्चमध्ये आली. येत्या एप्रिलात चाळीस वर्षं होतील. या पुस्तकाबद्दल एकदाही बोलली नाही.
मग मेथी बाजूला ठेवून गोष्ट सांगितली. एका गावात आंधळा झालेला म्हातारा तोबीत, देवाकडे मरण मागतोय. दूर दुसऱ्या गावात सारा नावाची मुलगी, लग्नाच्या रात्रीच नवरा मरतो, असे सात गेले, तीही मरणच मागतेय. एकमेकांना ठाऊक नाहीत. दोन्ही प्रार्थना एकाच घटकेला वर पोचतात. पुढे म्हाताऱ्याच्या मुलाचं तिच्याशी लग्न होतं. पहिल्या रात्री दोघं आधी प्रार्थना करतात, आम्हाला बरोबरीनं म्हातारं होऊ दे म्हणून.
वि. परत मेथीकडे.

२० जाने., सोम.
"इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"
"विचारलंत कधी?"
नंतर आपणहून बोलली. तिचे वडील गावात धर्मशिक्षक. त्यांनी तोबीत मराठीत उतरवून वही केली होती, आसपासच्या गावांतल्या लग्नांत त्यातून वाचायचे. आमच्या लग्नालाही आणली होती. माझी आई म्हणाली, हे आमच्या शास्त्रात नाही. वही परत पिशवीत.
"रोममध्ये कोणी ठेवलं नि जर्मनीत कोणी काढलं, ते तुम्ही वाचत बसा. आपल्या लग्नातनं तुमच्या आईंनी काढलं. तुम्ही शेजारीच उभे होतात."
मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. तेच जास्त लागलं.

२५ जाने., शनि.
कात्रजला, तिच्या धाकट्या बहिणीकडे. वही तिच्याकडेच, दुपट्यात गुंडाळलेली. परतीच्या बसमध्ये वि.नं मांडीवर धरली होती. उघडली नाही.

२६ जाने., रवि.
उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. लग्नाला चाळीस वर्षं होतायत, त्या उपकारस्तुतीच्या दिवशी चर्चमध्ये तोबीतमधलं वाचायचंय.
"घरी वाचा की. कोण अडवतंय?"
"तेव्हा चर्चमध्येच अडवलं होतं, साहेब."
"चर्च कमिटीपुढे ठेवतो. पण तुम्ही स्वतः कमिटीत आहात. चारचौघांत हे बोलाल?"
बोलेन म्हणालो.
रियालाही हनोखाचं सगळं सांगितलं. "सर, हे भारी आहे," म्हणाली. आहेच.

२ फेब्रु., रवि.
दुपारी वि.नं वही उघडली. मोठ्यानं वाचली, मी ऐकली. सासऱ्यांचं अक्षर बारीक, सरळ. छापखाना नाही, परवानगी नाही. कंदिलाशी बसून एका माणसानं...
त्या प्रार्थनेच्या पानावर समासात जोडप्यांची नावं. प्रत्येक नावापुढे गाव नि 'वाचले'. पंचवीसेक तरी. सगळ्यांत खाली विमल आणि मी. आमच्यापुढे गाव आहे. पुढचा शब्द नाही.
वि.नं त्या जागेवर बोट ठेवलं.
"कमिटी नाही म्हणाली तर?"
मीटिंग पुढच्या रविवारी.