गाळलेलं कोहळं

२ डिसेंबर १९५८, मंगळवार
सकाळी कुंपणापलीकडून शेजारच्या भागरताबाईंची हाक. "मास्तर, रिकामे असान त कोहरं फोडून द्या जी." आवाज अगदी बारीक झालाय. बरेच दिवस तापात होत्या. ताप उतरला, पण घास उतरत नाही. भाताचं शीतही टोचतं म्हणतात.

पुस्तकातला लाल भोपळा, तो इकडे कोहळं. अख्ख्या कोहळ्याला पहिला घाव बाईनं घालायचा नाही. थोरल्या लेकासारखं ते. माय कशी विळा चालवील? त्यांचा लेक सुखदेव भिलाईला, लोखंडाच्या कारखान्यात. तो गेल्यापासून घाव माझ्याकडे.

घातला. आतला रंग बघून हात थांबला. मावळतीचं आभाळ कुणी सालीत भरून ठेवावं तसा. आमची ही, यमुना, असती तर म्हणाली असती, "कविता मंग करा, आधी बिया काढा."

३ डिसें.
भा.बाईंना चूल पेटवायचीही ताकद नाही. मीच म्हणून गेलो, मऊ घोटून आणतो. म्हणालो खरा. यमुना कोहळ्याची गोड बोंडं तळायची तेव्हा मी ओसरीवर पोरांच्या वह्या घेऊन बसलेला. माझ्या वाट्याला वास तेवढा.

भरपूर पाणी घालून उकळलं. पातळ पिवळं काहीतरी झालं. वाटी नेली. भा.बाई वाटीत बघत राहिल्या.
"मास्तर, हे खायाचं हाय का यानं आंगन सारवाचं?"
हसल्या, हसता हसता ठसका. दोन चमचे कसेबसे. बाकी मांजरानंही सोडलं.

५ डिसें.
आज पाणी कमी. ढवळायला भुजंगप्रयात बरा पडतो असं लक्षात आलं. चालीत हात आपोआप फिरतो. मग चौथीच्या पुस्तकातली पावसाची कविता आठवली, तिच्यावरून तो जुना वर्ग, खिडकीबाहेरचं मोहाचं झाड, पुढच्या बाकावरची पोरं... खाली लागलं. करपलं.

वरवरचं काढून नेलं. त्यातल्या धाग्यासारख्या रेषा भा.बाईंच्या घशात अडकल्या. खोकता खोकता डोळे पांढरे. पाठ चोळली. घाबरलो.

दिवसभरात माझ्याशी बोलणारं हे एकच माणूस आहे. त्या गेल्या तर मास्तर म्हणून हाक मारणारं या गल्लीत कुणी उरत नाही. बाकीचे 'म्हातारबा' म्हणतात. तेही कामापुरतं.

८ डिसें., सोमवार
जमलं!
पाणी घालायचंच नाही. फोडी साल खाली करून गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, मांडायच्या, वर झाकण, खाली नुसता निखारा. कोहळं आपल्याच पाण्यात शिजतं. मग चमच्यानं गर खरवडायचा, घोटायचा. आणि मुख्य म्हणजे गाळायचा. जुन्या धोतराचं फडकं धुऊन घेतलं, गंजावर ताणलं, तळहातानं हळू हळू दाबत राहिलो. रेषा वर राहिल्या, खाली लोण्यासारखं. थोडं तूप, मीठ.

भा.बाईंनी वाटी संपवली. मग तोंड पुसून,
"यमुनाबाईच्या हातचं नाही. पन उतरते."

घरी येऊन उगाच भांडी घासत बसलो. स्वच्छ होती तीही.

११ डिसें.
रोज चालू आहे. सकाळी एक वाटी, दिवेलागणीला एक. आज भा.बाई काठी टेकत कुंपणापर्यंत आल्या. उन्हात बसल्या. मी एक कविता म्हणून दाखवली, पूर्ण, चालीवर. डोळे मिटून ऐकलं. वाटलं, रंगल्या.
"यात कोहरं नाही आलं काय जी?"
"नाही."
"मंग कायची कविता."

दुपारी स्वतःच करायला बसलो. कोहळ्याला यमक 'सोहळा' लगेच सापडलं. इतक्या लगेच सापडलं म्हणून खोडलं. पुढे काही सुचेना. छपरावर वेल वाळत चाललाय, पलीकडे धानाची मळणी, बैलांना हाकल्याचा आवाज. पूर्वी या दिवसांत यमुना कोठीपाशी...

असो.

१५ डिसें.
पलीकडून 'खच्च' असा आवाज. कुंपणापाशी गेलो तर सुखदेव. काल सांजच्या गाडीनं गोंदियाला उतरून आला. अंगात सुटर, मिशी राखलीय. पुढ्यात छपरावरचं दुसरं कोहळं, दोन भकलं झालेलं.
"राम राम गुर्जी. मी आलो न, आता तुमाले तरास नाही."

लेक घरात असला की घाव लेकाचा. बरोबरच आहे.

हातात गंज होता, सकाळचा गर केलेला. तसाच परत आणला. मीच खाल्ला. गोड होता म्हणायचा.

१७ डिसें.
सुखदेव ओसरीवर आला. माझ्याच हाताखाली शिकला, एक कविता कधी पाठ झाली नाही. अजून माझ्यासमोर बसत नाही, उभाच राहतो.

"माय खाऊन नाही राहिली, गुर्जी. मी केलेलं थुकते. म्हनते, मास्तराचं पाहिजे."
मला बरं वाटलं. लिहितो तसंच आहे, बरं वाटलं.
मग म्हणाला, "मी तिले भिलाईले नेऊन राहिलो. क्वाटर भेटला. बायको करून घालन तिकडं, पन तिले कोन सांगन? तुमी मले शिकवा."
"उद्या ये."
"काऊन? आता काय झालं?"
"चूल थंड आहे."
चूल थंड नव्हती.

१८ डिसें.
हा शिकला तर ती जाईल. नाही शिकला तर ती इथंच राहील, याची रजा संपली की हा एकटाच जाईल. सकाळभर एवढंच डोक्यात.

आला. शिकवलं. साल खाली, निखारा मंद, पाणी नाही. खरवडलं, घोटलं. गंजात बघून म्हणाला, "झालं न, गुर्जी?"

होय म्हटलं असतं तरी चाललं असतं. रेषा अडकल्या असत्या, तिनं तिकडंही थुंकलं असतं...
फडकं खुंटीवर होतं. सुखदेव वाट बघत होता.
"नाही," म्हटलं. "गाळायचं राहिलं."

कारखान्याचे हात, जोरात दाबतो, रेषाही खाली येतात. मनगट धरलं, पाटीवर अक्षर गिरवताना धरायचो तसं. हळू रे. हळू. दुसऱ्यांदा नीट आलं.

१९ डिसें., शुक्रवार
सुखदेवनं स्वतः भरवलं. मी दाराशी. भा.बाईंनी वाटी बोटानं निपटून घेतली. तो खूश. "बस्स माय, परवा निघू. बैलबंडी सांगून ठेवतो."

ती त्याच्याकडे बघेना. माझ्याकडे बघून म्हणाली,
"मास्तर, तुमी काय खासान मंग?"
"भात."
"कायच्यासंग?"
मी रिकामी वाटी उचलली.
"सांग न माय, निघाचं न?" सुखदेव.
"पाहू."

बंडी परवासाठी ठरली आहे. लुगडी अजून दोरीवरच आहेत, गाठोडं बांधलेलं नाही. दुपारपासून दोनदा बघून आलो.