वडापच्या पुढच्या सीटवर चौघे

१९ मे ९६, सातारा, सिव्हिल
आज पेन धरता आलं. उजवा पाय गुडघ्याखाली काढला. डॉक्टरांनी सही ह्यांची घेतली. पाय माझा होता, मला कुणी विचारलंही नाही.
आठवतंय तोवर लिहून ठेवते. बापूची, माझ्या दिराची, वडापची जीप, वाटेत मिळतील तेवढी माणसं कोंबणारी. मेढ्याहून साताऱ्याला. पुढे आम्ही चौघे. बापू अर्धा दाराबाहेर, त्याला लागून मी, पलीकडे दोघी बायका. गिअर माझ्या गुडघ्याशी, रोजच्यासारखा. मागे लटकलेल्यांत दत्तू टेलर. मागून दुसरं वडाप आलं. फाट्यावरची माणसं कोण उचलणार, म्हणून शर्यत. बापूने डाव्या हाताने स्टेअरिंग धरलं, उजवा हात बाहेर काढून त्या ड्रायव्हरला ठेंगा दाखवला. हसला. मग ओढ्यावरच्या मोरीचा कठडा.
दत्तू कठडा आणि जीपच्या मध्ये चिरडला. ओरडत होता, मग थांबला.

८ जून, घरी
मारुती आला. दत्तूचा भाऊ, लाकूडतोड करतो. पोलिसांनी जीप सोडली, बापूने ती अंगणात आणून लावली, हे त्याला कळलं. कोयत्याने काचा फोडल्या, सीटा फाडल्या. बापू गोठ्यात लपला होता, त्याला केसाला धरून ओढत आणलं आणि तोंड उंबऱ्यावर आपटलं. परत आपटलं. रक्त, लाळ, माती. हे मध्ये पडले तर त्यांना लाथ. मी ओसरीवर खाटेत, हलता येईना.
कोयता गळ्याला लावून, "बोल, माझा भाव कुणी मारला?"
बापू बोलला. माझ्याकडे बोट करून. "वहिनीचा पाय मधी आला. गिअर पडंना. माझी चूक न्हाई."
मारुती वळला. पातं माझ्या कपाळापुढे. मी म्हणाले, "मार. अर्धी गेलेच आहे." थुंकला आणि गेला.
बापू भीतीपोटी बोलला. भीती उतरली की खरं सांगेल.

१५ जून
पोलिसांनी बापूला परत बोलावलं होतं. तिथेही तेच सांगून आला. हरामखोर.

२ जुलै
बघायला बायका येतात. पदर तोंडाला, नजर पायावर. पाटलांची काकी म्हणाली, "बाई, पाय आवरून बसायचं की गं." चहाचा कप फेकून मारला. भिंतीला लागला, नाहीतर तिच्या कपाळातच बसला असता. वाईट वाटलं नाही.

१४ ऑगस्ट
साताऱ्यात वकिलांकडे, भरपाईच्या दाव्यासाठी. दत्तूची बायको कमल पण आली होती. माझ्याकडे बघितलं नाही.
वकीलसाहेब म्हणाले, "चूक ड्रायव्हरची, हे दाखवावं लागेल. विम्याची कंपनी सगळं तुमच्या पायावर ढकलणार. पलीकडच्या दोघी म्हणतात आमचा डोळा लागला होता. राहिलात तुम्ही." कमलने तेव्हा मान वर केली.

२० नोव्हें.
पोलिसांच्या खटल्यात साक्षीचं समन्स आलं. हे म्हणाले, "सख्ख्या भावाला जेलात घालणार व्हय?" मी म्हटलं, सख्ख्या बायकोचा पाय गेला त्याचं काय. थोबाडीत बसली. मी कुबडी नडगीवर हाणली, होती नव्हती ती ताकद लावून. सासूबाई ओरडत धावल्या, "आरं, ही मारती की तुला!" हे खाली बसले. मारल्याचं समाधान वाटलं, मग हुंदका आला. पंधरा वर्षांचा संसार.

९ जाने. ९७
शाळेत परत शिकवायला जाते. आज फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता एकदम वाटलं, खरंच आला असेल का पाय आड? सगळे रोज तेच म्हणतात, मग आपलंच आपल्याला खोटं वाटायला लागतं.
नव्हता. त्याचा हात गिअरवर नव्हताच. एक स्टेअरिंगवर, एक बाहेर. तिसरा कुठून आणायचा?

२३ फेब्रु.
घरी कुणी नसताना बापू आला. माझ्या राहिलेल्या पायावर डोकं ठेवून रडला. "वहिनी, तुमचा पगार चालू हाय. मी आत गेलो तर पोरं कुणाच्या दारात बसवू?" मी म्हटलं, दत्तूची कुठे बसलीत?
मी लग्न होऊन आले तेव्हा हा सहावीत. डबा मी भरून द्यायचे. डोक्यावर हात ठेवावासा वाटला. तोच हात गळ्यावरही ठेवावासा वाटला. काहीच केलं नाही.

११ मार्च
उद्या साक्ष. ह्यांनी दोन्ही कुबड्या दगडावर आपटून मोडल्या. "जा आता."

१२ मार्च, सातारा कोर्ट, व्हरांडा
सकाळी ओसरीच्या पायऱ्या बसून, हातांवर घसरत उतरले. तळवे सोलले. फाटकाशी मारुती उभा, कुबड्या मोडल्याचं त्याला कळलं असावं. माझ्यापुढे पाठ करून बसला. "बसा. यष्टीपतूर नेतो."
गावातून त्याच्या पाठीवर गेले. एरवी लाजेने मेले असते. आज सगळ्यांच्या दाराकडे बघत गेले.
देवळापुढे म्हणाला, "बाई, पाय खरंच मधी आला असंल तर तसं बी सांगा. परत हात उचलणार न्हाई. पर दत्तू कशानं गेला, येवढं मला कळू द्या." ह्या माणसाने माझ्या कपाळावर कोयता धरला होता. आणि खरं काय, हे विचारणारा गावात हा एकटाच निघाला. त्याच्या मानेवर डोकं टेकून रडले.
समोरच्या बाकावर बापू. दाढी वाढलीय, सदरा माझ्याच हातचा, अपघाताआधीच्या दिवाळीला शिवलेला. हळूच म्हणाला, "वहिनी, सकाळपासनं काय खाल्लं का?"
नाही म्हणून मान हलवली. त्याने शेंगदाण्याची पुडी पुढे केली. घेतली. का घेतली?
शिपायाने माझं नाव पुकारलं. इथवर सोबत आलेला मारुती बाहेर चहा आणायला गेलाय. बापूच उठलाय, हात द्यायला.