उणे पुसल्याबद्दल

तीर्थरूप दाजी यांना,

मान खाली घालून नमस्कार. (खाली का, ते पुढे येईलच.) ताईचा गुडघा आता जिना चढू देतो का? आपला खोकलाही हटला असावा. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे प्रकृतीने.

आपल्या लेकीने फोनवर आपल्याला सांगितलं, की तिच्या खेळाच्या चाचणीत हिशोब चुकला आणि प्रकाशकबाई खेळ न घेताच गेल्या. त्यावर आपण म्हणालात, जिला वजाबाकी येत नाही तिने गोदामात येऊन मुकाट्याने पावत्या फाडाव्यात, रविवारी न्यायला येतो. दाजी, तिची वजाबाकी पक्की आहे. चुकलो तो मी.

खेळ असा. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, कुणी वैद्य होतो, कुणी चोर, कुणी पहारेकरी (मी पहारेकरी झालो तेव्हा शेजारचे धोबीदादा म्हणाले, टेलरमास्तर पहाऱ्याला असतील तर चोराने चहा पिऊनच जावं), आणि संकट आलं की फासा टाकतात. प्रत्येकाच्या कार्डावर ताकद, चपळाई, शहाणपण असे आकडे असतात. दहा म्हणजे चारचौघांसारखा माणूस. पण तो आकडा जसाच्या तसा फाशात मिळवला तर बलवान नेहमीच जिंकणार आणि फासा नुसता शोभेला उरणार. म्हणून पोरीने तो आटवला. दहाच्या वर दर दोनांमागे एक अधिक, खाली दर दोनांमागे एक उणे. तिच्या भाषेत मॉडिफायर. एवढंसं अधिक-उणे बेतायला तिने कितीतरी कागद फाडले. मग कार्डं भरायला मला दिली, कारण माझं अक्षर सुबक (गावच्या शाळेत छडीने सुबक केलेलं), आणि बजावलं, "मामा, अर्धं उरलं तर खाली सोडायचं. वर नाही."

आता जन्मभर कापड कापणाऱ्याला अर्धं खाली सोडायला सांगायचं म्हणजे अवघडच. आम्ही शिवणीत माया ठेवणारी माणसं, जास्तीचं आत दुमडता येतं, कमी पडलेलं जोडता येत नाही. हात आपोआप वर गेला. तेरा ताकदीला एक अधिक हवं, तिथे दोन पडले. इथवर सवय म्हणून सोडता येईल. पुढचं नाही. एका कार्डावर म्हातारी सुईण होती, ताकद सहा, म्हणजे दोन उणे. मला ते बघवेना. जन्मतःच कुणाच्या माथी उणे का मारायचं? देवाचं स्मरण केलं आणि खोडरबर घेतलं. मग वैद्याच्या थरथरत्या हातांचं पुसलं, माझ्या पहारेकऱ्याच्या बुद्धीचं पुसलं (ते जरा घाईनेच), करता करता सगळ्यांचंच पुसलं आणि पुण्य पदरी पडल्यासारखा गाढ झोपलो.

चाचणी आमच्याच दुकानात झाली, कापायच्या टेबलावर. प्रकाशकबाई स्टुलावर बसून पाहत होत्या. पोरीने दिवसभर पुरेल असं गुहेतलं जनावर बेतलं होतं, ते चहा निवायच्या आत गतप्राण झालं. सुईणीने एकटीने दरवाजा मोडला. कुलूप मी उघडलं, चोराला न विचारता. धोबीदादा चोर होते. ते बिचारे अधूनमधून विचारत, माझं काही काम आहे का, नाहीतर तिकडे इस्त्रीचे कपडे पडलेत. पोरगी पुटपुटली, खेळ ढगळ झालाय. बाई मात्र स्पष्ट बोलल्या. "यांना एकमेकांची गरजच नाही. मग हे एकत्र निघाले कशाला?"

दाजी, माझ्यातलं उणं काढून टाक, असं मी रोज देवाकडे हात जोडून मागत आलो. ते का ऐकलं गेलं नाही, याचा त्या स्टुलाकडे बघताना थोडा उलगडा झाला. मला भरपूर धिटाई मिळाली असती, तर ऊठसूट तुमच्या दाराशी आलोच नसतो. असो. पोरीला नेऊ नये, एवढीच विनंती.

आपला,
अपराधी मेहुणा

ता. क. बाईंनी रविवारी सकाळी पुन्हा एकदा यायचं कबूल केलंय. आपली गाडी त्याआधीच पोचते. कधीच न खेळलेला एक माणूस कमी पडतो आहे. उरलेलं कार्ड नावाड्याचं आहे, ताकद अठरा, समजूतदारपणा सहा. आकडे पोरीचे आहेत, मी हात लावलेला नाही.

आणखी एक ता. क. चुकलो तो मी, हे आजवर फक्त आपल्याला लिहिलंय. त्या दिवशी पोरीने कार्डं उलटसुलट केली, खोडल्याच्या खुणा पाहिल्या, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाईंना म्हणाली, "हिशोब माझा चुकला." मी गळ्यातल्या टेपशी चाळा करत बसून राहिलो. रविवारी खेळ सुरू व्हायच्या आत बाईंना खरं सांगायचंय, आणि मी हवापाण्यावर बोलून वेळ काढीन हे मला ठाऊक आहे. म्हणून आपण माझ्या बरोबर समोरच्या खुर्चीत बसावं. आपण रोखून पाहिलंत की माझ्याच्याने दुसरं काही बोलवत नाही.