क्षमेचा प्रवेश

रत्नागिरी,
११ फेब्रुवारी २०२५

चि. गंधार यास,

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुझं क्षेम मी वर्तमानपत्रात वाचते.

फोन तू उचलत नाहीस. मोबाइलवर निरोप पाठवला की त्याखाली दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे डोळे शाबूत आहेत एवढं कळतं. शेवटी पोस्टाचा आधार घेतला. पोस्टमनला 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून परत पाठवता येत नाही.

आधी अभिनंदन. पुण्याच्या पेपरात तुमच्या 'पाचवी भिंत' या नाट्यसंस्थेवर अर्धं पान आलंय. (चौथी भिंत इतरांनी आधीच पाडून ठेवल्यामुळे तुम्हाला पाचवी शोधावी लागली, हे मी वर्गात मुलींना सांगते. त्या हसतात.) 'शेवट अंगावर येतो, दिग्दर्शकानं कोवळेपणाला थारा दिलेला नाही' असं त्या समीक्षकानं लिहिलंय. खाली अर्ध्या ओळीत माझं भाषांतर 'प्रवाही' आहे. ते कात्रण मी कापून ठेवलं. कोवळेपणाला थारा माझ्याकडेही फारसा नाही, हे तुला पुढे कळेलच.

गेल्या श्रावणात तू ते इंग्रजी बाड घेऊन आलास, आठवतं? चारशे वर्षांपूर्वीचं, राणीच्या काळातलं सूडनाटक, लिहिणाऱ्याचं नावही कुणाला ठाऊक नाही. म्हणालास, "ताई, हे मराठीत आण. तुझ्या संस्कृतचा जगाला काहीतरी उपयोग होऊ दे." मी वाचलं आणि तुला विचारलं, की आमच्या संस्कृत रंगभूमीवर मरायला बंदी, जेवायलासुद्धा बंदी, आणि यात पाच मढी पडतात, त्यातली दोन जेवता जेवता. तू दाढी खाजवलीस आणि म्हणालास, "म्हणूनच तर." या 'म्हणूनच तर'पुढे विद्वत्ता चालत नाही. मी भाषांतर केलं.

आणि खोटं कशाला बोलू, शेवटच्या प्रवेशापाशी आल्यावर ते केल्याचं सार्थक वाटलं. पहिल्या अंकात ज्यानं एका निरपराध खलाशाला फाशी दिली तो म्हातारा न्यायाधीश शेवटी प्रेतांच्या मधून चालत येतो. आपला निकाल चुकला होता हे भर दरबारात कबूल करतो, आणि त्या खलाशाचा एकच भाऊ उरलेला असतो, ज्याच्या मानेवर तलवार टेकलेली आहे, त्याला सोडतो. आधी कबुली, मग क्षमा. त्या म्हाताऱ्याला क्रम ठाऊक होता. सगळे त्याला 'क्षमेचा प्रवेश' म्हणायला लागले. मी त्या भाषणावर जेवढी बसले तेवढी माझ्या प्रबंधावरही बसले नव्हते.

मग तू म्हणालास, न्यायाधीश आप्पा.

तुझे वडील, माझे काका, जिल्हा कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. जन्मभर न्यायाधीशाच्या पायाशी बसून दुसऱ्यांचे निकाल लिहिलेला माणूस. मला वाटलं, पोराला उशिरा का होईना, सुचलं. राज्य नाट्यस्पर्धेला आप्पांनी कधी प्रॉम्प्टर घेतला नाही, हे गावात अजून सांगतात. त्यांना सगळ्यांचे संवाद पाठ असत. दुसरा अडखळला तर हे त्याचं वाक्य त्याच्याच आवाजात म्हणून पुढे जात.

पण तुमची पद्धत वेगळी. त्या काळी नटाला अख्खं नाटक देत नसत, म्हणून तुम्हीही देत नाही. प्रत्येकाच्या हातात एक कागदाची पट्टी: त्यावर फक्त स्वतःची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे तीन-चार शब्द, तो क्यू. दुसरा कोण काय बोलणार, मधे कोण मरणार, काही ठाऊक नाही. तालीमही जवळजवळ नाही. नटानं कान टवकारून उभं राहायचं. सबंध संहिता एकट्या माझ्याकडे.

आप्पा आधी रुसले. "ज्ञाने, हे म्हणजे लग्नात फक्त आपल्या ताटापुरतं बोलावणं झालं." मग पट्टी घेतली, चष्मा पुसला आणि कामाला लागले. रोज सकाळी रहाटावर पाणी काढताना त्यांचं भाषण ऐकू यायचं. शेवटच्या प्रवेशाचा क्यू मोबाइलवाल्या अनसच्या तोंडी होता, तो द्वारपाल झाला होता. "आता दार कुणासाठी उघडू?" असं अनस म्हणणार आणि आप्पा येणार. आप्पा स्वतःच ते वाक्य म्हणायचे आणि स्वतःच आत यायचे. शेजारची सगुणा मला म्हणाली, "ताई, आप्पा दार उघडायला सांगतायत की लावायला?"

प्रयोगाचा रविवार आठवून अजून बरं वाटतं, अर्धाअधिक. खेडशीच्या माळावरची बंद चिरेखाण, तिन्ही बाजूंनी जांभ्याच्या उभ्या कापलेल्या भिंती, भर दुपारचं ऊन, कारण त्या काळी प्रयोग दुपारी होत. कार्यकर्त्यांनी खुर्च्या आणल्या होत्या त्या तू परत पाठवल्यास, कारण त्या काळी लोक उभे राहत. आपल्या बायका शहाण्या, त्यांनी पडलेले चिरे ओढून घेतले आणि बसल्या. दिल्लीहून आलेले महोत्सवाचे ते दोन निवडकर्ते मात्र उभे राहिले. त्यांना टोप्या आणि सरबत देण्यात आलं.

पहिल्या अंकात आप्पा आले आणि गावानं टाळ्या वाजवल्या. आप्पा थांबले, छातीशी हात नेला, थोडे वाकले. मग निकाल सुनावला, आणि पुन्हा टाळ्या. मी तुझ्याकडे पाहिलं. तू निवडकर्त्यांकडे पाहत होतास. त्यातले एक गृहस्थ हसले होते. वाईट नव्हे, आपण कुणाच्या घरी जुनं कॅलेंडर बघून हसतो तसं.

मध्यंतरात तू अनसच्या खांद्यावर हात टाकून त्याला भिंतीआड नेलंस. मग तलवारवाल्या पोराला. मग ढोलवाल्याला. आप्पांकडे गेला नाहीस. पट्ट्यांची पद्धत किती सोयीची आहे हे मला तेव्हा कळलं: तिघांच्या कानात सांगितलं की चौथ्याचा प्रवेश नाहीसा होतो, आणि चौथ्याला पत्ताही लागत नाही.

अनस ते वाक्य बोलला नाही. ढोल वाजला, तलवार चालली, पाचावर सहावं, त्या भावाचं मढं पडलं आणि नाटक संपलं. खाणीत अशी शांतता, की वरच्या काजूत पाखरू हललं ते ऐकू आलं.

माझ्या बसायच्या जागेवरून आप्पा समोर दिसत होते. चिऱ्यांच्या आडोशाला, काळा झगा, हातात न्यायदंड, मान किंचित पुढे. ते ऐकत होते. मी हातानं खूण केली असती तर त्यांनी पाहिली असती. केली नाही. ती शांतता माझ्या शब्दांची होती, रे. चाळीसेक वर्षं व्याकरण शिकून आणि शिकवून माझ्या वाट्याला असं काही प्रथमच येत होतं. ते मला मोडायचं नव्हतं. हे तुला सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना मी सोवळ्यात बसून लिहितेय असं वाटायला नको.

आता जे मी तीन पानं टाळत आले ते.

लोक पांगल्यावर आप्पा झग्यातच तुझ्याजवळ आले. मी तिथेच, संहिता काखेत. ते म्हणाले, "गंधार, चुकलो रे मी. क्यू ऐकूच आला नाही. की आला आणि मी विसरलो, देव जाणे. नाटक बुडवलं तुझं."

मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. तुझ्या तोंडावर आधी आश्चर्य आलं, मग सुटका. ती सुटका मी पाहिली. तू त्यांच्या पाठीवर थोपटलंस आणि म्हणालास, "असू दे आप्पा. वयच आहे. कुणाच्या लक्षातही नाही आलं."

आणि पाहुण्यांना गाडीवर पोचवायला गेलास.

रंगमंचावरची क्षमा तू पाहुणे हसले म्हणून कापलीस, आणि मागे येऊन ती तुझ्या अपराधासाठी त्यांना देऊन टाकलीस. चार शतकांपूर्वीच्या त्या अनाम माणसाला एवढं क्रूर सुचलं नव्हतं. त्यानं नुसती माणसं मारली.

मला वाटलं, रात्री घरी सांगशील. तू सकाळच्या गाडीनं पुण्याला गेलास. मग वाटलं, फोनवर सांगशील.

तेव्हापासूनचं ऐक. रहाटावर आता नुसता रहाट वाजतो. माघी गणपतीच्या उत्सवात सूत्रसंचालन आप्पांचं, हे माझ्या लहानपणापासूनचं, या वेळी मंडळाची पोरं बोलवायला आली तर म्हणाले, "नको रे, मधेच गोंधळ व्हायचा." स्कूटरची किल्ली अनसकडे देऊन टाकली, कारण रस्ता विसरलो तर. जेवून उठल्यावर मला विचारतात, "ज्ञाने, जेवलो ना मी?" त्यांना ठाऊक असतं जेवल्याचं. पण आता स्वतःच्या साक्षीवर ते विसंबत नाहीत. कोर्टातला माणूस, एकदा साक्षीदार खोटा ठरला की त्याचं पुढचं काही ग्राह्य धरत नाहीत.

डॉक्टरकडे स्वतःच जायचं म्हणाले. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. त्र्याण्णव म्हणाले, शहाऐंशी म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं. नट प्रॉम्प्टरकडे बघतो तसं. डॉक्टर म्हणाले, "सुरुवात आहे." गोळ्या दिल्यात. गोळ्यांनी त्यांना दुपारभर गुंगी येते, आणि गुंगीत माणूस खरंच विसरतो. परवा मला तुझ्या आईच्या नावानं हाक मारलीन्.

अनसला ते सोसेना. मोबाइलचं दुकान बंद करून राजिवड्याहून आला आणि ओटीवर उभा राहिला. बसेचना.

"आप्पा, तुमचं काय चुकलं नाय. माझं वाक्य मीच खाल्लं. दादांनी सांगितलंनी खायला."

आप्पांनी त्याला पाणी दिलं. म्हणाले, "अनस, तुझा बाप कतारला होता, तेव्हा तुला स्टेजवर पहिल्यांदा कुणी ढकललंन्?"

"तुम्हीच."

"मग माझ्यापुढे नाटक करू नको. मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस, कळतंय मला."

"अल्लाची शपथ, आप्पा."

"शपथा कोर्टात रोज ऐकल्यात मी. हे बघ, माझ्या मुलाला मी नको असेन तर तो तोंडावर सांगेल. एकदा सांगितलंही होतंन्, माझा अभिनय जुना म्हणून. मला झगा घालून आडोशाला उभा करून ठेवणार नाही तो. तेवढा मी त्याला ओळखतो."

अनस जाताना रडत होता. तिशीचा बाप्या, रस्त्यातून.

मग मी बोलले. सगळं. तुझं भिंतीआड जाणं, ढोलवाला, सगळं. आप्पा शेवटी एवढंच म्हणाले, "तू तिथे होतीस ना, ज्ञाने? मी त्याच्याजवळ चुकलो म्हणालो, तेव्हा शेजारीच होतीस. मग तेव्हा का नाही बोललीस?"

 

तेव्हा परिस्थिती अशी आहे. डोकं गेलं, की मुलगा गेला, या दोहोंतून त्यांनी डोकं जाणं पत्करलं आहे. आमचं दोघांचं म्हणणं त्यांनी फेटाळलंय आणि त्यांना पटेल असा साक्षीदार एकच उरतो. हातखंब्याच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे, तिथे त्यांनी एक मार्चपासून खोली सांगितलीय. "पूर्ण जायच्या आधी आपल्या पायांनी गेलेलं बरं, पोराला ओढाताण नको." कपाट आवरून झालंय. मला ते थांबवता येत नाही. तुला येतं, पण त्यासाठी तुला इथे यावं लागेल, त्यांच्यासमोर उभं राहावं लागेल, आणि आपण काय केलं ते बोलावं लागेल. बोललास तर ते पुन्हा रस्त्यानं एकटे जातील. तुझ्याकडे मात्र पूर्वीसारखं बघणार नाहीत. हे मी गोड करून सांगत नाही, कारण तुझ्याकडे कोवळेपणाला थारा नाही हे छापून आलंय.

हे नाटक आता तुम्ही मुंबईत करणार, हे त्यांच्या कानावर आलंय. मी पत्र लिहायला बसलेय हे पाहून ओटीवरून निरोप सांगितला. शब्द त्यांचेच ठेवते:

"त्याला लिही, माझ्या जागी चांगला पाठ असलेला माणूस घे. पण माझ्यामुळे तो प्रवेश गाळू नको म्हणावं. त्या दिवशी मी चुकलो, नाटकाचा त्यात काय दोष. सगळं नाटक त्या एका प्रवेशावर उभं आहे, त्याला सांग. घाईत त्याच्या ध्यानात यायचं नाही."

मी "लिहिते" म्हटलं आणि लिहिलं.

आप्पांनी तुला आशीर्वाद सांगितले आहेत, ते सोबत पाठवते आहे. माझे मी ठेवून घेतले आहेत.

ज्ञानेश्वरी