कालव्याकाठची सायकलवाट

१७ नोव्हेंबर ९६, सुरत

दिवाळीचा फराळ घेऊन कोसाडला दगडूकडे गेलो, तर हा पठ्ठ्या खाटेवर. कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी. धनतेरसच्या आधी कापडाच्या कारखान्यातून येताना ट्रकने कट मारला, हा सायकलसकट खड्ड्यात. मोडलं काही नाही. मला कळवलंही नाही. "डोया मिटीसन पायडल मारस मी त्या रस्तावर," हसत हसत सांगतो. डोळे मिटून! पन्नाशी उलटली, अक्कल यायची अजून बाकी आहे.

सिंधूवहिनी हसत नव्हत्या. "आते बस व्हयनं, भाऊ. गाव जाऊत. तठे कोरडी भाकर खासूत." दगडू गप्प. वहिनींपुढे हा गप्प बसला म्हणजे विचार पक्का होत आलाय.

घरी येऊन मालतीला सांगितलं. ती म्हणाली, बरंच आहे की, सुटेल बिचारा त्या लूमच्या खडखडाटातून. बरोबर आहे तिचं. पण दगडू गेला तर या शहरात मला अरेतुरे करणारं कोण उरलं? ऑफिसात मी भाऊसाहेब, सोसायटीत पाटीलसाहेब, मुलांचा तर 'पप्पा'. बाकी सगळं ठीक आहे, पण हे काही बरं नाही.

१९ नोव्हें.

झोप नीट नाही. सारखी ती वेडरोडची खोली आठवते, दोघं गावाहून सुरतेला आलो तेव्हाची. दोघांत एक खोली, एक गादी, एक सायकल. दगडू दिवसपाळीला, मी रातपाळीला. दिवसा मी ड्राफ्ट्समनच्या वर्गात बसून पेंगायचो. सकाळी सातला कारखान्याच्या गेटवर सायकल तो आणायचा, मी न्यायचो, संध्याकाळी उलटं. सीट कधी थंडच नाही झाली. आमची दोस्ती म्हणजे ती गेटवरची दोन मिनिटं. "चेन उतरस." "बरं." "घरनं पत्र उनं." "काय म्हणतात?" "सांगस मंग." आणि आत पळायचं, कारण सायरन झालेला.

मी ताडमाड, तो बुटका. रोज सीट वर-खाली करायचा कंटाळा, म्हणून एके दिवशी मधोमध पक्की आवळून टाकली. पुढे चार वर्षं माझे गुडघे हँडलला आणि त्याचे पाय लोंबकळत. दोघांनाही त्रास सारखा, त्यामुळे भांडण नाही. इतकं साधं होतं तेव्हा सगळं.

२५ नोव्हें.

आज रस्तेखात्याच्या ऑफिसात नकाशे पाहता पाहता सुचलं. कोसाडपासून अमरोलीच्या कारखान्यांपर्यंत कालवा सरळ जातो. काठाने रिकामी पट्टी आहे, बाभळी आणि उकिरडा सोडला तर काही नाही. तिथे मुरूम टाकून दाबला तर ट्रकच्या रस्त्याला पायही लावायला नको. पेन्सिलने रेघ ओढून पाहिली. सुंदर दिसते.

साहेबांना दाखवली. साहेब गुजराती, रिटायरमेंटला दोन-तीन वर्षं उरलेली, स्वभावाने गोड पण सहीला कडू. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "साइकल हवे कोण चलावे छे?" म्हणजे आता सायकल चालवतं कोण. मी म्हटलं, कारीगर, लूमवरचे कामगार. "तो सर्वे करावो." हे त्यांचं नेहमीचं. नाही म्हणायचं नसलं की सर्व्हे.

पब्लिकसाठी करतोय असं टिपणात लिहिलंय. खरं कारण टिपणात लिहिण्यासारखं नाही.

२० डिसेंबर

सर्व्हेचा रिपोर्ट आला. कोसाडच्या वसाहतीत घराघरांत विचारून सायकली मोजल्या. माणसं भरपूर, सायकली चिमूटभर. साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि पुढच्या फायलीला हात घातला. तेच जास्त लागलं.

दुपारभर चिडचिड. मग एकदम डोक्यात उजेड. अरे, सर्व्हेची पोरं गेली दुपारी! तेव्हा एकेकट्याच्या सायकली कारखान्याच्या भिंतीला. आणि जी एक घरी सापडली, ती दोन घरांची. एक जण दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. एकाने 'माझी' म्हटलं, दुसऱ्याने 'नाही आमच्याकडे' म्हटलं. दोघंही खरं बोलले. मीही तेव्हा हेच सांगितलं असतं. सायकल कागदावर दगडूचीच होती.

२१ डिसें.

साहेबांना समजावलं. स्वतःची, दगडूची गोष्ट सांगावी लागली. इतक्या वर्षांत ऑफिसात कधी सांगितली नव्हती की मी लूमवर होतो. साहेब बघतच राहिले. "तमे? लूम पर?" मग स्वतःच्या डब्यातला पोंक, म्हणजे आपला हुरडा, माझ्यापुढे केला, शेव-लिंबू टाकून. एवढ्यावर आज भागलं.

१४ जानेवारी ९७

उत्तरायण. गच्चीवर सगळी सोसायटी, कानठळ्या बसवणारे लाउडस्पीकर, उंधियू. मुलगा पतंग काटतोय, मी फिरकी धरून. दगडूला बोलावलं होतं, आला. हात बरा आहे, कामावर जातो. सायकलच्या हँडलवर तारेची कमान बांधून आला होता, मांजा गळ्याला लागू नये म्हणून. ट्रक खालून, मांजा वरून, सायकलवाल्याने जायचं कुठून?

उंधियू खाताना हळूच म्हणाला, होळीला गावी जायचं म्हणते ती. मी विचारलं, होळीपुरतं? तो पतंगाकडे बघत राहिला.

मग त्याला कालव्याचं सांगितलं. आधी सांगायचं नाही असं ठरवलं होतं, राहवलं नाही. खूश झाला. "बाभयना काटा काढजो पहिले, पंचर व्हस." नकाशात हे नव्हतं. लिहून घेतलं.

३ फेब्रुवारी

कमिटीची बैठक. सायकलवाट अजेंड्यावर. मी नकाशे टांगून तयार.

काय झालं ते लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही. मी तोंड उघडायच्या आतच एकाला त्याची पहिली सायकल आठवली. रॉकेलचा दिवा होता म्हणे तिला, दिवा विझला की पोलीस हवा सोडायचा. मग दुसऱ्याने कैची मारत शिकल्याचं सांगितलं, दांड्याखालून पाय घालून. तिसरा कॉलेजात असताना सायकलने डुमसच्या समुद्रावर भजी खायला जायचा, येताना वारा समोरून. साहेबांनीसुद्धा लग्नाआधी बायकोच्या गल्लीतून विनाकारण घंटी वाजवत जायचो हे कबूल केलं. सगळे म्हातारे वीस वर्षांचे झाले होते. चहा दोनदा झाला. मला भरून आलं, म्हटलं आज मंजूर.

मग घड्याळ बघितलं सगळ्यांनी आणि पाच मिनिटांत पैसे स्टेशनजवळच्या स्कूटर पार्किंगला दिले.

खाली उतरलो. आवारात एक सायकल होती, शिपायाची. बाकी स्कूटरी आणि फियाटी. माझी बजाजही त्यातच. किक मारताना लाज वाटली, पण मारली. सगळ्यांना सायकल आठवते, चढत कोणीच नाही.

४ फेब्रु.

साहेबांशी बोललो नाही. त्यांनाही ते कळलं. संध्याकाळी स्वतःच टेबलाशी आले. "नाराज छो?" मी म्हटलं, साहेब, तुम्ही एकदा पाळी सुटताना रस्त्यावर उभे राहा. एवढंच करा.

७ फेब्रु.

आले! सकाळी अंगात स्वेटर, गळ्याला मफलर, जीपमधून उतरून माझ्याबरोबर अमरोलीच्या फाट्यावर उभे राहिले. पाळी बदलली. गेटातून रातपाळीवाले, रस्त्याने दिवसपाळीवाले, हातातून हातात सायकली. कितीतरी सायकली भिंतीला टेकल्याच नाहीत. मधूनच ट्रक हॉर्न मारत घुसायचा की सगळे फुफाट्यात उतरायचे, मग पुन्हा वर. दगडूही दिसला. मला बघून घंटी वाजवली, थांबला नाही. साहेबांना म्हटलं, तो.

परत येताना साहेब जीपमध्ये मफलर सोडून त्याची घडी घालत बसले. मग म्हणाले, किरकोळ दुरुस्तीच्या खात्यात मार्चपर्यंत थोडं आहे. "अडधा आपणा, अडधा एमना." म्हणजे अर्धे आपण देऊ, अर्धे कारखानेवाल्यांकडून काढ.

मालतीला ही बातमी सांगताना मी स्वयंपाकघरात गाणं म्हणत होतो म्हणे. मला आठवत नाही.

१९ फेब्रु.

कारखानेवाल्या शेठलोकांकडे. साहेब बरोबर आले म्हणून थंडाई मिळाली, एरवी पाणी. मोठे शेठ फार आदबीने बोलले. कारीगर आमची मुलंच. मुरूम देऊ, विटांचे तुकडे देऊ, रोलर देऊ, रोख पण देऊ. मी मनातल्या मनात रोलर फिरवायला लागलो होतो.

आणि मग, उठता उठता: "टेम्पो तो नीकळवो जोईए ने, साहेब." ट्रकच्या रस्त्याला ट्रॅफिक फार, माल अडकतो. वाट जरा रुंद ठेवा, म्हणजे ग्रे, कोऱ्या कापडाचे टेम्पो मागच्या दाराने निघतील. सायकली पण जातील, कोण नाही म्हणतं!

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

२१ फेब्रु.

रुंद केली तर पैसे आहेत पण सायकलवाट नाही. अरुंद ठेवली तर सायकलवाट आहे पण पैसे नाहीत. दोन दिवस बोर्डापुढे बसून खोडरबर झिजवतोय.

२ मार्च, रविवार

दगडूला विचारायला कोसाडला गेलो. मला वाटलं भडकेल. तर म्हणतो, चालू दे टेम्पो. "टेम्पोवाला आपला वळखीना शे. धक्का देवाना पहिले आवाज तरी देई." वर स्वतःच खो खो हसला. वहिनींनी मात्र हातातलं ताट आपटलं. म्हणाल्या, ओळखीचा असो की परका, हाड एकच मोडतं.

त्या रागावल्या की मला माझ्या आईची आठवण येते. मी आईला वचन दिलं होतं की सुरतेत कायम राहणार नाही. राहिलो. फ्लॅट झाला, मुलं गुजरातीत भांडतात. गावाची वाट मी विसरलो असं नाही, पण जायचं म्हटलं तर आता गावात माझं कोण? जे होतं ते कोसाडला राहतं.

६ मार्च

ठरवलं. वाट शेठला हवी तेवढी रुंद काढली आणि दोन्ही तोंडांना खांब दाखवले. दगडी, जमिनीत पुरलेले, मधून सायकल जाईल, टेम्पो नाही. नकाशावर खांब म्हणजे बारीक काळे ठिपके. शेठला नकाशा वाचता येत नाही. साहेबांना येतो.

नकाशा साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा खाली ओढला, ठिपक्यांवर बोट ठेवलं. एकेका ठिपक्यावर. मी उभा. मग नकाशाची गुंडाळी केली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. "होळी पछी जोईशुं."

होळीनंतर बघू म्हणे; होळीनंतर म्हणजे मार्च संपला. म्हणजे पैसे बुडालेच, किंवा शेवटच्या दिवशी धावपळीत सही होईल. दोन्ही होतं आमच्याकडे. वीस वर्षं बघतोय, अजून अंदाज येत नाही.

१३ मार्च

विचारलं. "जोईशुं."

शेठच्या माणसाचा फोन, मुरूम कुठे टाकायचा? म्हटलं, सहीनंतर कळवतो. म्हणजे तिकडून अजून नाही म्हटलेलं नाही. ठिपक्यांचं त्यांना कोणी सांगितलेलं नाही अजून.

१६ मार्च, रविवार

सकाळीच कोसाडला. दाराशी पत्र्याची पेटी, वर वळकटी सुतळीने बांधलेली. बुधवारच्या गाडीचं रिझर्वेशन झालंय. दगडू उंबऱ्यात बसून ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत होता. मी शेजारी बसलो, सोलू लागलो.

मग सुरू झालो. साहेबांचा ड्रॉवर, शेठचा फोन, खांब, किरकोळ दुरुस्तीचं खातं, मार्चअखेर. तो ऐकत होता. "मंग, कव्हय व्हयी?" कधी होईल. सही झाली तर उन्हाळ्यात, म्हटलं. नाही झाली तर पुढच्या वर्षी परत मांडू, मी सोडणार नाही, बाभळी तर आधीही तोडता येतील, पहिला टप्पा निदान... बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. चार महिने साहेबांपुढे जे बोलतोय तेच मी दगडूपुढे बोलत होतो.

थांबलो. आणि काय झालं कुणास ठाऊक, कितीतरी वर्षांनी तोंडात गावाकडची आपली भाषा आली. "तू नको जाऊ, दगडू. तुना बिगर माले आठे करमाव नही." आवाज भलताच चिरकला. आत वहिनींची भाकरी थापण्याचा आवाज बंद झाला.

दगडूने हातातला घाटा सोलला आणि दाणे माझ्या हातावर ठेवले.

"मंग हाईच सांगानं व्हतं ना पहिले," तो म्हणाला. "नकाशा कसाले काढत बठना?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदम, या वयात. आत थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. जेवूनच जा, वहिनी आतून म्हणाल्या. जेवलो. तिकिटांचं तो काही बोलला नाही, मी विचारलं नाही. पेटी दाराशीच होती, निघताना तिला वळसा घालून बाहेर पडलो. बुधवार अजून यायचाय.