दिपमालाची घागर

३ एप्रिल २०२५, धुळे

आले एकदाची! निघताना आईने बजावलं होतं, उन्हाळ्यात खानदेशात जाऊ नकोस, सुकून जाशील. ऊन आहे खरं. पण इथली शेवभाजी मला, जातिवंत कोल्हापूरकरणीला, रडवून गेली, त्यापुढे उन्हाचं काय कौतुक! खोली छान आहे, खिडकीशी निंब, कोपऱ्यात नवा माठ. प्रयोगशाळा चालत जाण्याइतकी जवळ. तिथला सहकारी ललित नरडाण्याकडचा. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या बोलण्याची नक्कल केली. जमेल आमचं.

७ एप्रिल

आमचं काम एका एन्झाइमवर. विषाणू पेशीत शिरला की हे एन्झाइम त्याच्या डीएनएतली अक्षरं बदलून टाकतं. मजकूरच बिघडला की विषाणू संपला. शरीराचा राखणदारच म्हणायचा. पण कधीकधी तो घरच्याच डीएनएवर हात टाकतो आणि त्यातून कॅन्सर होतो. कुंपणानेच शेत खाल्लं.

आमच्या बाटल्यांत वाढतात त्या पेशी अशाच एका बाईच्या गाठीतल्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. ती दिवाळीत गेली, पेशी मात्र जोमात आहेत. त्यांना गुलाबी पोषणद्रव घालावं लागतं. ललित त्याला पाणी पाजणं म्हणतो. तुलनेसाठी निरोगी रक्त हवं होतं. मी माझंच दिलं.

१४ एप्रिल

पुढच्या प्रयोगांसाठी घरच्यांची परवानगी हवी, म्हणून ललितबरोबर नरडाण्याजवळच्या त्या बाईच्या माहेरी गेले. तिचं नाव दिपमाला होतं, हे आज कळलं. माझ्याच वयाची. आई भिकुबाई एकट्याच राहतात. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तठे तिले दुखस का?"

अर्थ कळायला ललितची गरज पडली नाही. मी म्हटलं, अजिबात नाही. रोज वाढतेय. तुमची लेक जिवंतच आहे म्हणा ना! म्हातारी हसली, मला ताक दिलं, आणखी दिलं. कुणाला इतकं सुखी केल्याला किती वर्षं झाली होती.

परतताना ललितने सांगितलं. महिनाअखेर आखाजी आहे, तुमची अक्षय्य तृतीया. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने कोरी घागर पाण्याने भरायची, वर खरबूज ठेवायचं. तोवर गेलेलं माणूस तहानलेलं राहतं. दिपमालाची ही पहिलीच आखाजी. आणि दारात भिकुबाईंनी त्याला विचारलं होतं, "जित्ती शे, तं घागर कसाले भरू?"

जिवंत लेकीसाठी घागर कशाला भरू, म्हणे. मला गंमत वाटली. मग वाटेनाशी झाली.

२१ एप्रिल

सकाळी दिपमालाच्या बाटल्या कोरड्या होत्या. काल संध्याकाळी मी स्वतः भरल्या होत्या. ललित म्हणाला झाकण सैल राहिलं असेल. पुन्हा भरल्या. जेवून येईतो पुन्हा कोरड्या. शेजारच्या खणातल्या दुसऱ्या पेशींचं द्रव जिथल्या तिथे.

घरी आले तर माठाचा तळ दिसत होता.

२५ एप्रिल

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सगळ्या पेशी एका कडेला गोळा झाल्यात, जिथे थोडी ओल उरली होती तिथे. कळशीच्या तळाशी बोटं फिरवावीत तशा. पाहवेना.

मला तहान लागते. पाणी पिते, पोट फुगतं, तहान जात नाही. ललितने हात जोडून विनवलं की त्या माउलीला खरं सांगा, घागर भरू द्या. मी त्याला अंधश्रद्ध म्हणाले, सगळ्यांदेखत. नंतर जिन्यात रडले.

२७ एप्रिल

माझ्या रक्ताचा अहवाल आला. अक्षरं बदललीत. जिथे तिची बदलली होती, तिथेच. विषाणूचा मागमूस नाही.

पुन्हा रक्त दिलं. पुन्हा तेच, आणि आधीच्याहून जास्त.

मी तिला जिवंत म्हटलं. राहायला कुठेतरी जागा हवीच ना तिला.

२९ एप्रिल

सगळ्या बाटल्यांत ब्लीच ओतलं. ललित शेजारी उभा होता, डोळे पुसत. प्रयोगशाळेचं वर्षाचं काम गेलं. जाऊ दे. उद्या भिकुबाईंना सांगेन, तुमची लेक गेली. एकाच लेकीचा मृत्यू त्या माउलीला दोनदा ऐकवायचा. पण घागर भरली जाईल. ललितकडून वाक्यं खानदेशीत पाठ करून घेतलीत.

तहान तशीच आहे. बाटल्या रिकाम्या झाल्या, तरी —

३० एप्रिल, आखाजी

भिकुबाईंच्या दारात घागर नाही. अंगणातल्या निंबाला झोका बांधलाय. आतून पुरणाचा वास. आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. भिकुबाई वाट बघत होत्या —

मला पाहून म्हणाल्या, "उनी का, माय?" आलीस का, म्हणून. पदराने माझं तोंड पुसलं. मी मान हलवली. का हलवली?

सांगायला हवं. वाक्यं पाठ होती. ती गेली — एवढंच तर —

पाणी आणायला आत गेल्यात, तेवढ्यात लिहिते. मला घेऊन आलेला तो फाटकाशी उभा आहे. त्याला हाक मारायची तर त्याचं नाव —

आतून विचारतायत. तेच. दुखतं का म्हणून. नाही म्हणायचं. म्हातारीला सुखाने — नाही म्हणायचं, नाही —

दुखस, माय. बठ्ठं आंग दुखस. मना नावनी घागर भ