भगवतीला विचारतात, मला नाही

प्रिय सुजामोळ, माझ्या लेकी,

या घरात न विचारता ज्यांचं सगळं ठरवलं जातं, अशी दोनच माणसं उरली आहेत: तू आणि मी. तुला मस्कतला फोन करून सांगितलं, "संमतीच्या कागदावर सही करून पाठव." मला तेवढंही नाही. तुझा भाऊ प्रकाशन माझ्या, स्वतःच्या बापाच्या, उशाशी उभा राहून वकिलाला म्हणाला, "अच्छन आता नाहीतच म्हणा. श्वास चालू आहे, एवढंच." वडिलांना समज उरलेली नाही, पालक म्हणून मला नेमा, असा अर्ज त्याने कोर्टात दिलाय. तो मंजूर झाला की मला एर्नाकुलमच्या कुठल्याशा संस्थेत नेऊन ठेवणार. तो दुष्ट नाही गं, थकलाय. पण थकलेल्या माणसानेही कुलूप लावलं, तरी आतल्याला ते कुलूपच!

पक्षाघाताने माझं सगळं शरीर बंद केलं. एक पापणी तेवढी राहिली. आत मी जसाच्या तसा आहे. शाळेत मास्तर होतो म्हणून मला अजून 'माष' म्हणणारे गावकरी संत्री घेऊन येतात आणि माझ्यादेखत विचारतात, "माष ओळखतात का हो?" ज्याच्या आवाजाने ओट्टप्पालमचं मैदान दणाणायचं, त्याच्यासमोर! गोपी न्हावी दाढी करताना हसतो, "बरं झालं, माष आता मधेच भाषण सुरू करत नाहीत." मीही हसतो. कुणाला दिसत नाही.

आजाऱ्यांची विचारपूस करत घरोघर फिरणाऱ्या साफियाला मात्र दिसलं. ती अक्षरांच्या तक्त्यावरून बोट फिरवते, हव्या त्या अक्षरावर मी पापणी मिटतो. हे पत्र असंच उतरलंय. "माष, वाक्यं आखूड करा, माझं बोट मोडेल," म्हणून ती दटावते. प्रकाशनला तिने तक्ता दाखवला, तर तो थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "चेची, तुम्ही मनचं लिहिता."

माणूस व्यक्ती कशाने ठरतो, यावर मी जन्मभर गरजलो. कुणी म्हणतं विचाराने, कुणी आठवणीने, कुणी म्हणतं चारचौघांशी असलेल्या नात्याने. कायदा तर कंपनीलाही व्यक्ती मानतो आणि आपल्या गावच्या भगवतीलाही. फक्त ती कायमची अल्पवयीन. तिला दुसरे न्हाऊ घालतात, नेसवतात, तिच्या वतीने बोलतात. मी भाषणांतून तिला दगड म्हणालो, आता आम्ही दोघं एकाच पंक्तीला. पण परवा देवळाचं छप्पर बदलायचं, तर कवड्या मांडून देवप्रश्न केला, तिची मर्जी विचारली. दगडाला विचारतात, सुजा! मला कोण विचारतं?

तू लहान असताना मी तुला चोरून भगवतीच्या जत्रेला नेलं होतं. कॉम्रेडना कळतं तर माझं हसं झालं असतं. अंगात आलेला तो तलवारवाला पाहून तू माझे केस घट्ट धरलेस, आणि परतताना खांद्यावरून वाकून माझ्या कानात काहीतरी म्हणालीस. अम्मालाही ते आपण कधी सांगितलं नाही.

साफियालाही मी ते सांगितलेलं नाही, म्हणून या पत्रात ते नाही. येत्या गुरुवारी कोर्टाची माणसं मला पाहायला येणार. ती टाळ्या वाजवतील, टाचण्या टोचतील आणि पापणी हलली तर सवय म्हणतील. तू ये. सही करू नकोस, ये. साफियाला बाहेर बसव, तक्ता स्वतःच्या हातात घे, आणि सगळ्यांसमोर मला विचार: त्या दिवशी मी तुमच्या कानात काय म्हणाले?

तुझाच, अजून इथेच असलेला,
अच्छन